तेल न घालता तेल वाढलं, तर?

१. आनंद देणारा, पण फसवा प्रश्न

"सहा महिन्यांत थेंबभर तेल घातलं नाही, तरी डिपस्टिकवर ते वरच्या खुणेच्याही वर दिसतंय. इंजिन तेल खात नाही, म्हणजे गाडीची तब्येत उत्तम ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं, म्हणून उत्तर देताना जरा जड जातं. इंजिनात तेल तयार होत नाही. गॅरेजात ज्याला चेंबर म्हणतात, त्या इंजिनाच्या तळाच्या भांड्यातली पातळी वर गेली असेल, तर त्यात बाहेरून काहीतरी आलं आहे एवढं नक्की. येऊ शकतील अशा गोष्टी तीनच. सर्व्हिसिंगच्या वेळी जास्त ओतलं गेलेलं तेल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट, किंवा मग पेट्रोल-डिझेल. पहिली गोष्ट किरकोळ आणि दुसरी गंभीर, पण दोन्ही ओळखायला सोप्या. तिसरी मात्र महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही. हे प्रकरण तिच्याविषयी आहे.

उदाहरणासाठी मी जबलपूरचा सिव्हिल लाइन्स हा भाग निवडला आहे, आणि त्याला कारण आहे. इथे राहणाऱ्याचं स्टेशन जवळ, हायकोर्ट जवळ, सदरचा बाजार जवळ, मुलांची शाळाही जवळच. दिवसभरात गाडी चार वेळा सुरू होते आणि प्रत्येक वेळी दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होते. रात्रभर ती बंगल्याच्या आवारात उघड्यावर असते, आणि जानेवारीतल्या पहाटे जबलपूरचा पारा दहा अंशांच्या खाली सहज उतरतो. गाडी जपून वापरली जाते, वेग कधी जास्त नसतो, किलोमीटर कमी पडतात. मालकाला वाटतं, इंजिनाला याहून सुखाचे दिवस कोणते? तेलात इंधन उतरायला मात्र हीच परिस्थिती सर्वांत अनुकूल असते.

२. इंधन तेलापर्यंत पोहोचतं कसं?

सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनच्या वर इंधन जळतं आणि खाली, चेंबरमध्ये, तेल असतं. या दोहोंमध्ये अडसर असतो तो पिस्टनभोवतीच्या पोलादी रिंगांचा, आणि रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थराचा. हा अडसर चांगला असतो, पण तो बाटलीच्या बुचासारखा घट्ट नसतो. नव्याकोऱ्या इंजिनातही थोडे वायू रिंगांना चुकवून खाली जातातच.

आता थंड इंजिन सुरू करताना काय घडतं ते पाहू. तवा तापलेला नसताना त्यावर पाणी शिंपडलं, तर ते चुर्र न होता थेंबाथेंबांनी तसंच पडून राहतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचे तुषार पडतात तेव्हा नेमकं हेच होतं. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, वाफ जळते. म्हणून थंड इंजिन चालू राहावं यासाठी गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतो. जुन्या गाड्यांत चोक ओढला की हेच व्हायचं. जास्तीच्या पेट्रोलपैकी काही भाग भिंतीवरून ओघळतो, तिथला तेलाचा थर धुतो आणि रिंगांमधून खाली चेंबरमध्ये जातो.

याचा अर्थ असा की प्रत्येक गाडीच्या तेलात रोज थोडं इंधन उतरतं. तो बिघाड नव्हे, इंजिनाचा स्वभावच तसा आहे. खरा प्रश्न पुढचा: आत गेलेलं इंधन बाहेर पडतं का?

३. बाहेर पडण्याची वाट

पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. इंजिन पूर्ण तापल्यावर चेंबरमधलं तेल साधारण ९० ते ११० अंशांवर पोहोचतं. या उष्णतेला पेट्रोलचा बराचसा भाग वाफ होऊन तेलातून सुटतो. ती वाफ चेंबरमध्ये कोंडून राहू नये म्हणून एक नळी आणि एक छोटा वाल्व्ह असतो. त्याला पीसीव्ही म्हणतात. तो ही वाफ पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडतो, तिथून ती सिलिंडरमध्ये जाऊन जळते. व्यवस्था चोख आहे, पण तिची एक अट आहे: तेल तापलं पाहिजे.

इथे बहुतेकांची गफलत होते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला की इंजिन तापलं असं आपण समजतो. तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो, तेलाचं नाही. कूलंट पाच-सात मिनिटांत तापतं. तेलाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. सिव्हिल लाइन्सातून स्टेशनला जाऊन परत येईपर्यंत काटा मध्यावर आलेला असतो, पण चेंबरमधलं तेल जेमतेम कोमट झालेलं असतं. म्हणजे प्रत्येक फेरीत इंधन आत गेलं आणि बाहेर काही पडलं नाही. संध्याकाळी पुन्हा तेच.

हीच गाडी नागपूरला नेली तर? बरगी, लखनादौन, सिवनी, खवासा, मनसर अशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपासची वाट. त्यातल्या पहिल्या तासाभरातच तेल पुरतं तापतं आणि पेट्रोलचा मोठा हिस्सा उडून जातो. पेट्रोल गाडीचं तेल लांबच्या प्रवासानंतर 'कमी झालं' अशी तक्रार पुष्कळदा येते. त्यातल्या कित्येक वेळा तेल कमी झालेलं नसतं, त्यात मिसळलेलं पेट्रोल गेलेलं असतं.

इथेनॉलमुळे या हिशेबात थोडी भर पडली आहे. आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे तापलेल्या तेलातून ते सहज जातं. पण त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात ते भिंतीवर अधिक रेंगाळतं. शिवाय ते पाणी धरून ठेवतं. तेल कधीच तापत नसेल अशा गाडीत हे दोन्ही दोष एकत्र येतात.

४. डिझेलची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड

डिझेल साधारण १७० ते ३७० अंशांच्या दरम्यान उकळतं. चेंबरमधलं तेल १०० अंशांवर. त्यामुळे तेलात उतरलेलं डिझेल जवळपास तिथेच राहतं. नागपूरला जा नाहीतर थेट मुंबईला जा, ते उडून जाणार नाही. पेट्रोल गाडीला लांबच्या प्रवासाचा उपाय चालतो. डिझेल गाडीत तेल बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

पूर्वी डिझेल तेलात उतरलं की मिस्त्री सरळ नोजल किंवा पंप उघडायला घ्यायचे, आणि बहुधा ते बरोबर असायचे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि चित्र बदललं. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची गाळणी आली. ती काजळी अडवते. काही शे किलोमीटरनंतर ही गाळणी भरते, मग साठलेली काजळी ६०० अंशांच्या आसपास जाळून टाकावी लागते. एवढी उष्णता धुरात आणण्यासाठी बहुतेक गाड्यांत ईसीयू एक युक्ती करतो. सिलिंडरमधला मुख्य स्फोट होऊन गेल्यावर, पिस्टन खाली जात असताना, तो थोडं डिझेल उशिरा फवारतो. ते सिलिंडरमध्ये न जळता धुराबरोबर पुढे जाऊन गाळणीजवळ जळावं, असा त्यामागचा हेतू.

पण पिस्टन खाली गेलेला असताना सिलिंडरची भिंत उघडी असते. उशिरा फवारलेलं काही डिझेल तिच्यावर बसतं आणि तेलात उतरतं. ही सफाई महामार्गावर एका दमात पूर्ण झाली तर थोडक्यात निभावतं. सिव्हिल लाइन्सातल्या गाडीचं काय होतं? सफाई सुरू होते, तेवढ्यात हायकोर्टाचं फाटक येतं आणि इंजिन बंद होतं. संध्याकाळी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि पुन्हा अर्धवट राहते. गाळणी काही रिकामी होत नाही; प्रत्येक अपुऱ्या प्रयत्नात चेंबरमध्ये डिझेल मात्र वाढतं. काही कंपन्या यासाठी धुराच्या नळीतच वेगळा फवारा बसवतात, त्यांच्या इंजिनात हा त्रास होत नाही. पण अशा गाड्या थोड्या.

म्हणून मला असं वाटतं की आज निदानाची सुरुवात पान्याने करू नये, प्रश्नांनी करावी. गाडी दिवसातून किती वेळा सुरू होते? एका फेरीत किती अंतर जाते? शेवटचा तासाभराचा प्रवास कधी झाला? डीपीएफचा दिवा लागला होता का, आणि लागल्यावर इंजिन बंद केलं का? यांची उत्तरं न घेता इंजेक्टर बदलले गेल्याची आणि दोन महिन्यांत तेल पुन्हा वर चढल्याची उदाहरणं सांगणारे बरेच भेटतात.

सवय आणि रचना मिळून काय करू शकतात याचा मोठा दाखला २०१८ मध्ये चीनमध्ये दिसला. होंडाच्या सीआर-व्ही आणि सिव्हिक या गाड्यांमधल्या दीड लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात, जे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतं, उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत तेलाची पातळी वाढल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावण्याची योजना मांडली. तिथल्या नियामकाने ती अपुरी ठरवली आणि नव्या सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली. पुढे केलेल्या उपायांत इंजिन लवकर तापावं यासाठी सॉफ्टवेअर बदलणं हा एक उपाय होता. तुटलेला सुटा भाग असा त्यात कोणता नव्हताच.

५. तेल पातळ झालं तर बिघडतं काय?

तेलाचा दाटपणा, म्हणजे वाहायला तो द्रव किती विरोध करतो, हा सेंटिस्टोक या एककात मोजतात. १५ डब्ल्यू-४० हे तेल १०० अंशांना साधारण १४.५ सेंटिस्टोक भरतं. त्यातला '४०' हा आकडा टिकवायचा तर १०० अंशांना ते १२.५ च्या खाली जाता कामा नये. डिझेलचा दाटपणा त्याच तापमानाला एक-सव्वा सेंटिस्टोक.

ढोबळ हिशेब करू. या तेलात ५ टक्के डिझेल मिसळलं तर दाटपणा १४.५ वरून १२.८ च्या आसपास येतो. १० टक्के मिसळलं तर ११.३. म्हणजे डब्यावर ४० लिहिलेलं तेल इंजिनात ३० च्या तेलासारखं वागू लागतं. हिशेबातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दाटपणा मिसळीच्या प्रमाणापेक्षा वेगाने घसरतो: ५ टक्के डिझेलने दाटपणा सुमारे १२ टक्के घटतो.

क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा धातूला धातू लागत नाही, मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. दाटपणा घसरला की हा थर आणखी पातळ होतो आणि जास्त ओझं पडताच तुटतो. चढावर, पाच माणसं बसवून, कमी वेगात वरचा गिअर टाकून गाडी ओढताना हे होतं. टर्बो असेल तर त्याच्या दांड्याचीही हीच अवस्था. त्यात इंधनाने तेलातली झीज रोखणारी आणि मळ धरून ठेवणारी रसायनंही विरळ होतात. आवाज लगेच येत नाही. झीज मात्र रोज होत राहते, आणि म्हणूनच हा दोष वेळीच पकडायला हवा.

६. घरच्या घरी करायच्या तीन गोष्टी

पहिली, डिपस्टिक. नुसती पाहणं आणि मोजणं यांत फरक आहे. गाडी रोज आवारात ज्या सपाट जागी उभी राहते तिथेच, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी मोजायचं. दर वेळी जागा आणि वेळ तीच हवी. कारण तेल तापलं की फुगतं, दर दहा अंशांना सुमारे ०.७ टक्के. पाच लिटर तेल ६० अंशांनी जास्त गरम असेल तर ते दोनशे मिलिलिटरने जास्त भरतं. एकदा थंड आणि एकदा गरम मोजलं, तर नसलेला दोष दिसेल किंवा असलेला लपेल.

सर्व्हिसिंगहून गाडी आली की दुसऱ्या दिवशी सकाळीच डिपस्टिकचा फोटो काढून ठेवावा. हा फोटो फार मोलाचा आहे. पातळी जास्त दिसण्याचं सर्वांत साधं कारण जास्त ओतलेलं तेल हेच असतं, आणि पहिल्या दिवसाचा फोटो नसेल तर ते कारण बाद करता येत नाही.

आता उदाहरण. समजा, डिझेल गाडीत पाच लिटर तेल बसतं. डिपस्टिकवरच्या दोन खुणांत २० मिलिमीटर अंतर आहे आणि पुस्तिकेनुसार त्या दोन खुणांमध्ये एक लिटर मावतं. म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे ५० मिलिलिटर. तीन महिन्यांत पातळी ६ मिलिमीटर चढली, तर ३०० मिलिलिटर भर पडली. ५,३०० मध्ये ३००, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून थोडं जास्त.

पण हा कमीत कमी आकडा झाला. त्या तीन महिन्यांत इंजिनाने स्वतः २०० मिलिलिटर तेल जाळलं असेल, तर ती पोकळीही डिझेलनेच भरली. मग डिझेल ५०० मिलिलिटर, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. याच कारणाने, थोडं तेल खाणाऱ्या जुन्या इंजिनात पातळी महिनोन्‌महिने जिथल्या तिथे दिसू शकते आणि मालक निर्धास्त राहतो. पातळी चढणं हा पुरावा आहे. न चढणं हा निर्दोष असल्याचा पुरावा नाही.

दुसरी, वास. वापरलेल्या तेलाला पेट्रोलचा थोडा वास असतोच, त्यामुळे एकट्या वासावरून निकाल देऊ नये. त्याच कंपनीच्या नव्या तेलाचा थेंब एका बोटावर आणि डिपस्टिकवरचा थेंब दुसऱ्या बोटावर घेऊन तुलना करावी. चोळून पाहिल्यावर पातळपणाही कळतो. वास पाहताना जवळ काडी, लायटर, विडी असता कामा नये. तेल पेटवून 'पेट्रोल आहे का' हे पाहण्याची एक पद्धत काही ठिकाणी अजून चालते. ती धोक्याची आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण ती जवळपास फुकट आहे आणि डोळ्यांना काहीतरी दाखवते. जाड पांढरा टिपकागद किंवा प्रयोगशाळेतला गाळणकागद घ्यावा. तो खालून कशाला टेकणार नाही असा वाटीच्या तोंडावर आडवा ठेवावा, मध्यभागी डिपस्टिकवरून तेलाचा एक थेंब सोडावा आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी त्यावर वर्तुळं उमटलेली दिसतात. मधला काळा डाग काजळीचा. त्याबाहेर तेलाची करडी-तपकिरी कड. तेलात डिझेल असेल तर ते तेलाच्या पुढे धावतं आणि सर्वांत बाहेर एक फिकट, पारदर्शक कडं तयार करतं. शेजारी नव्या तेलाचा थेंब टाकून ठेवला तर फरक लगेच कळतो. मधला डाग चिकट, काळाकुट्ट आणि दातेरी कडेचा असेल तर कूलंटचा संशय घ्यावा. पेट्रोल मात्र या कागदावरून रात्रीत उडून जातं, त्यामुळे पेट्रोल गाडीला ही चाचणी फारशी उपयोगाची नाही.

कूलंटविषयी एवढंच: तेल भरायच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ साय दिसली तर ते पाणी. हिवाळ्यात फक्त झाकणाखाली दिसणारी पातळ साय बहुतेकदा हवेतल्या दमटपणाची असते. कूलंटच्या टाकीतली पातळीही घटत असेल तर मात्र गॅस्केट तपासावं.

७. गॅरेजात: दोष कुठला?

सवयीने उतरलेलं इंधन आणि बिघाडाने उतरलेलं इंधन यांत फरक वेगाचा असतो. सवयीने उतरलेलं हळू, महिन्यांच्या हिशेबाने चढतं. दोन-चार आठवड्यांत पातळी झपाट्याने वर गेली, किंवा तेल बदलून महामार्गावर फिरवूनही चढत राहिली, तर भाग उघडावे.

जबलपूरला या बाबतीत अनुभवाचा मोठा साठा आहे. इथल्या व्हेइकल फॅक्टरीत शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप बनत, आणि सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा पुढे खाजगी मालकांच्या हाती आल्या. त्या काळच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल तेलात उतरण्याची एक ठरलेली वाट होती. पेट्रोल पंप इंजिनाला बाहेरून जोडलेला असे, आणि त्यातला रबरी पडदा कॅमशाफ्टच्या धक्क्याने वर-खाली होई. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला थेट चेंबर. पडदा फाटला की पेट्रोल सरळ तेलात. प्रीमियर पद्मिनी आणि सुरुवातीच्या मारुती ८०० मध्येही असाच पंप होता. अशी जुनी गाडी आजही सांभाळत असाल तर सर्वांत आधी हा पडदा पाहा.

जुन्या काळातला आणखी एक प्रकार अजून जिवंत आहे. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढली, किंवा उघड्या अवस्थेत अडकली, की हिवाळ्यात इंजिन कधीच पुरतं तापत नाही, ईसीयू त्याला थंडच समजतो आणि जास्तीचं पेट्रोल देत राहतो. मे महिन्यातल्या सोयीची किंमत जानेवारीत मोजावी लागते. थर्मोस्टॅट बदलणं हे या यादीतल्या सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे, म्हणून मी ते इंजेक्टरच्या आधी ठेवतो. तापमान मोजणारा सेन्सर खोटं सांगत असेल तरी परिणाम तोच.

आधुनिक पेट्रोल गाडीत पुढची पायरी स्कॅनरची. त्यात 'फ्यूएल ट्रिम' नावाचा आकडा दिसतो. धुरातला ऑक्सिजन पाहून ईसीयू ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के भर किंवा कपात करतो, तो हा आकडा. पाच-सात टक्के इकडे-तिकडे चालतं. इंजिन गरम असताना, जागच्या जागी चालू ठेवल्यावर हा आकडा उणे १५ किंवा उणे २० दाखवत असेल, तर सिलिंडरमध्ये कुठूनतरी जास्तीचं पेट्रोल येतं आहे. ते इंजेक्टरमधून गळतंय की तेलातून वाफ होऊन येतंय? पीसीव्हीची नळी काढून तिचं तोंड बंद करावं. आकडा शून्याकडे सरकला तर ती वाफ तेलातली होती. सरकला नाही तर इंजेक्टर गळतोय किंवा पेट्रोलचा दाब जास्त आहे. पाच मिनिटांचं काम, आणि हजारोंचा अनावश्यक खर्च टळतो.

इंजिन बंद केल्यावर इंधनाच्या नळीतला दाब झपाट्याने पडत असेल तरी इंजेक्टरचा संशय येतो, पण पंपातली झडप गळत असेल तरी दाब पडतो, म्हणून दोन्ही वेगळं तपासावं लागतं. एखादा प्लग किंवा कॉइल निकामी असेल तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता भिंतीवरून खाली जातं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी चालवत राहू नये, त्याचं हेही एक कारण आहे.

डिझेलमध्ये संशयित तीन: थेंब थेंब गळणारा इंजेक्टर, टॅपेट कव्हरच्या आत असलेल्या इंधनाच्या नळ्यांचे जोड, आणि उच्च दाबाच्या पंपाचं सील. कुठून गळतंय हे दिसत नसेल तर टाकीत अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालतात, गाडी थोडी चालवतात, मग टॅपेट कव्हर उघडून त्या दिव्याने पाहतात. गळतीची जागा हिरवट-पिवळी चमकते.

८. तेलाचा रक्ततपास

जबलपूर हे २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, आणि याच विभागातल्या न्यू कटनी जंक्शनला डिझेल इंजिनांची शेड आहे. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये स्वतःची प्रयोगशाळा असते. वाराणसीला १९६४ पासून बनू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ सारख्या इंजिनांत शेकडो लिटर तेल असतं. ते दर वेळी बदलणं परवडत नाही आणि न तपासणंही परवडत नाही. म्हणून इंजिन तपासणीला आलं की तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो: दाटपणा, पाणी, टिपकागदावरचा डाग, आणि तेलातल्या धातूंचं प्रमाण. इंजिन न उघडता आत काय झिजतंय ते कळतं. मोटारमालकांनी ही शिस्त उचलावी असं मला मनापासून वाटतं. खाजगी प्रयोगशाळा आता छोट्या बाटलीतले नमुने कुरिअरने घेतात.

नमुना कसा घ्यायचा हे महत्त्वाचं. इंजिन गरम असताना चेंबरचा नट उघडावा, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार स्वच्छ कोरड्या बाटलीत धरावी.

अहवाल वाचताना एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नये. दाटपणा घटला आहे आणि फ्लॅश पॉइंटही घसरला आहे, तर इंधनच. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने क्षणभर पेटते ते तापमान. नव्या इंजिन ऑइलचा तो २०० अंशांच्या वर असतो, पेट्रोलचा शून्याच्याही खाली, त्यामुळे थोड्या मिसळीनेही तो खूप खाली येतो. दाटपणा घटला पण फ्लॅश पॉइंट जागच्या जागी, तर एकतर चुकीच्या ग्रेडचं तेल भरलं गेलं किंवा तेलातली दाटपणा टिकवणारी रसायनं झिजली. सर्वांत फसवी स्थिती तिसरी. दाटपणा अगदी योग्य, पण इंधन ४ टक्के. काजळीने तेल घट्ट झालं, डिझेलने पातळ झालं, आणि दोन दोषांनी एकमेकांना झाकलं. त्यासाठी इंधनाचं प्रमाण थेट मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफीची चाचणी मागून घ्यावी. सर्वसाधारण संकेत असा: २ टक्क्यांपर्यंत लक्ष ठेवा, ५ टक्क्यांच्या पुढे तेल बदला आणि कारण शोधा. सोबत लोह, तांबं, शिसं यांचे आकडे चढलेले असतील तर बेअरिंगपर्यंत झळ पोहोचली आहे.

९. मग करायचं काय?

तेल आणि फिल्टर बदलावा, आणि तो खर्च टाळू नये. पेट्रोल गाडी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. भेडाघाटला जाऊन येणं पुरेसं आहे. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीलाही हीच फेरी उपयोगी पडते, फक्त तिचा उपयोग पुढचं डिझेल उतरू नये यासाठी आहे, आधी उतरलेलं घालवण्यासाठी नाही. सफाई सुरू असताना, म्हणजे जागच्या जागी इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा वाढलेले आणि पंखा जोरात फिरत असताना, शक्यतो गाडी बंद करू नये. दोन-तीन किलोमीटरांचीच धाव असलेल्या घराने पुढची गाडी घेताना डिझेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल बदलण्याचा हिशेबही किलोमीटरवर ठेवून चालत नाही. पुस्तिकेत 'खडतर वापर' या मथळ्याखाली छोट्या फेऱ्यांचा उल्लेख बहुधा असतो आणि त्यासाठी कमी मुदत दिलेली असते. सिव्हिल लाइन्सातली वर्षाला चार हजार किलोमीटर चालणारी गाडी त्याच मथळ्याखाली येते. तिचं तेल सहा महिन्यांनी बदललं तर काही वाया जात नाही.

आणि पातळी वरच्या खुणेच्या सेंटिमीटरभर वर गेली असेल, वासही स्पष्ट येत असेल, तर इंजिन सुरूच करू नये. फिरणारा क्रँक एवढं तेल घुसळून फेस करतो, आणि डिझेल इंजिनात ते पातळ तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर इंजिन किल्ली काढूनही थांबत नाही, स्वतःचंच तेल जाळत वेग वाढवत राहतं. अशा गाडीचं तेल आधी जागेवरच काढून घ्यावं, किती निघालं ते मोजून लिहून ठेवावं, त्यातलं थोडं बाटलीत राखावं, आणि मगच मिस्त्रीला बोलवावं.